थरथर स्टिअरिंगला की सीटला?

गाडी घेऊन आठ महिने झाले होते. किंमत ऐकून शेजाऱ्यांनी "किती म्हणालात?" असे पुन्हा विचारले होते, एवढी महाग गाडी. छत्रपती संभाजीनगरच्या त्या घरात आठ महिने तिच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. घर, दवाखाना, मुलीची शिकवणी आणि एखाद्या रविवारी वेरूळ, एवढीच तिची धाव. मग नागपूरला नात्यातले लग्न निघाले आणि गाडी प्रथमच समृद्धी महामार्गावर आली. काटा ९५ वर गेला आणि मागच्या सीटखालून एक बारीक थरथर सुरू झाली. ११० ला ती वाढली. १२० ला जरा कमी झाल्यासारखी वाटली. गाडी चालवणाऱ्या मुलाच्या हातांना मात्र स्टिअरिंग अगदी शांत लागत होते. सूनबाई म्हणाल्या, "सिमेंटचा रस्ता आहे, त्यामुळे होत असेल."

मागे बसलेले आजोबा काही बोलले नाहीत. हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेलेली. जालना मागे पडल्यावर त्यांनी नातीकडून पाण्याची अर्धी बाटली मागून घेतली, ती सीटवर आडवी ठेवली आणि पाण्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने मुलाला म्हणाले, "नव्वदच्या खाली ठेव. नागपूर काही पळून जात नाही."

लग्न झाले, मंडळी परत आली आणि गाडी सर्व्हिस सेंटरला गेली. काउंटरवरच्या तरुणाने तक्रार ऐकून संगणकावर दोनच शब्द टाकले: "स्टिअरिंग व्हायब्रेशन". पुढचे सगळे या दोन शब्दांवरून घडत गेले. पुढची दोन चाके काढून बॅलन्सिंग झाले, अलाइनमेंट झाले, बिल झाले. थरथर होती तिथेच राहिली. दुसऱ्या खेपेला उत्तर मिळाले, "या मॉडेलमध्ये एवढं असतंच, साहेब. टायर रुंद आहेत ना." तिसऱ्या खेपेला सस्पेन्शनचे आर्म आणि बुश बदलण्याचा अंदाज हातात पडला. त्या रकमेत एक चांगली स्कूटर आली असती.

अशा वेळी मालकाचे दोनपैकी एक होते. एक तर तो चिडून पैसे भरतो, नाही तर "असतंच" म्हणून थरथरीची सवय करून घेतो. यातली दुसरी गोष्ट अधिक धोक्याची.

मुळात नव्या, महागड्या गाडीत हा त्रास का व्हावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे अर्धे उत्तर टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांत असते. समजा, टायरवर २२५/४५ आर १८ असे लिहिले आहे. त्यातले २२५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे रुंदीच्या शेकडा ४५ इतकी टायरच्या बाजूची उंची, म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर. १८ हा रिमचा इंचांतला व्यास. आता जुन्या मारुती ८०० चा टायर आठवावा: १४५/७० आर १२. त्याच्या बाजूची उंचीही सुमारे १०१ मिलिमीटरच येते! ती गाडी साडेसहाशे किलोची, क्वचित कधी ऐंशीच्या वर जाणारी. इथे तेवढ्याच उंचीच्या रबरावर सोळा-सतराशे किलोचा डोलारा उभा आहे आणि तो १२० ने धावतो आहे. त्याआधीच्या अॅम्बॅसडरचे टायर ५.९० बाय १५ मापाचे, बाजूची उंची साडेपाच इंचांच्या आसपास. खड्ड्यात आपटली तरी अॅम्बॅसडर तो धक्का गिळायची, त्याचे श्रेय लोक तिच्या पत्र्याला देत. खरे काम त्या उंच टायरचे असे.

रुंद आणि बुटका टायर वळणावर गाडी पक्की धरतो, ब्रेकही चांगला लागतो आणि दिसायला तर तो देखणा असतोच. जर्मन रस्त्यांवर तो गुणाचा. मात्र खड्ड्याची धारदार कड आली की रिम आणि रस्ता यांच्यामध्ये तो चिमटला जातो. टायरच्या बाजूमध्ये एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत मजबूत धाग्यांचे थर असतात. सगळा भार ते धागे पेलतात. रबर नुसते हवा कोंडून धरते. चिमट्यात यातले काही धागे तुटतात. रबर फाटत नाही, हवा जात नाही, वरून काहीही दिसत नाही. पुढे आतली हवा त्या दुबळ्या जागेला बाहेर ढकलू लागते आणि टायरला फुगा येतो. त्याच आघाताने ॲलॉय रिमचा आतला काठही थोडा वाकू शकतो. बाहेरून चकचकीत, आतून वाकडा.

शहरात हे कळत नाही, याचे कारण वेग. या मापाचे चाक १०० च्या वेगाला सेकंदाला तेरा-चौदा फेरे घेते. रिमच्या काठाशी २० ग्रॅमचा फरक असेल, तर त्या वेगाला तो सुमारे तीन किलोच्या जोराने चाकाला बाहेर खेचतो, सेकंदाला तेरा-चौदा वेळा. वेग निम्मा केला तर हा जोर निम्मा होत नाही, चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून दवाखाना-शिकवणीच्या फेऱ्यांत सगळे आलबेल असते. शिवाय चाक आणि सस्पेन्शन यांची स्वतःची एक हेलकाव्याची लय असते. चाकाचे धक्के त्या लयीशी जुळले की थरथर शिगेला पोहोचते. वेग आणखी वाढला की लय मोडते आणि थरथर कमी झाल्यासारखी वाटते. दोष मात्र तितकाच असतो. "एकशेवीसला जाते ना, मग पळव," असा सल्ला देणारे मित्र प्रत्येकाला असतात. त्यांचे ऐकू नये.

आता आजोबांच्या मौनाकडे वळू. त्या तीन-चार तासांत ते खरे तर चौकशी करत होते. थरथर स्टिअरिंगला जाणवते की सीटला? स्टिअरिंगला जाणवत असेल तर बहुधा पुढची चाके. सीटला किंवा पायाखाली जाणवत असेल तर बहुधा मागची. कोणत्या वेगाला सुरू होते? ऐंशी ते एकशेवीसच्या पट्ट्यातच येत असेल तर संशय आधी चाक आणि टायर यांच्यावर. ब्रेक दाबल्यावरच येते का? मग ब्रेकच्या डिस्क कुठे जाड, कुठे पातळ झिजल्या असतील. ॲक्सिलरेटर दाबताना येते आणि पाय काढला की जाते? मग चाकांना ताकद पोहोचवणारे शाफ्ट, त्यांचे सांधे किंवा इंजिनाचे माउंटिंग पाहावे. सिग्नलला उभ्या गाडीतच येते? मग टायरचा काही संबंध नाही. इंजिन आपोआप बंद-सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांत सुरू होतानाचा एखादा हिसका तर स्वाभाविकच.

एक प्रकार निरुपद्रवी असतो. गाडी दोन-तीन आठवडे एका जागी उभी राहिली की टायरचा जमिनीवर टेकलेला भाग थोडा चपटा होतो. गावाहून परत आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी गाडी धडधडताना लागते, ती यामुळे. दहा-वीस किलोमीटर चालून टायर गरम झाला की तो पुन्हा गोल होतो. गेली नाही, तर मात्र दुखणे वेगळे.

या सगळ्या प्रश्नांना पैसे पडत नाहीत. पडतो तो थोडा वेळ, आणि उत्तरे लिहून घ्यायला गाडीत दुसरे माणूस हवे. चालवणाऱ्याने हे करू नये. वेग, रस्ता, गाडीत किती माणसे, थरथर कुठे, ब्रेकला काय होते: एवढे एका कागदावर उतरवले की सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बोलणे बदलते. "गाडी थरथरते" यावर कोणीही काहीही बदलू शकतो. "९५ ते ११५ या वेगात मागच्या सीटखाली, ब्रेकशी संबंध नाही, स्टिअरिंग शांत" असे जॉब कार्डावर चढले की मिस्त्रीला मागची चाके काढावीच लागतात. जॉब कार्डावर काय लिहिले हे वाचल्याशिवाय सही करू नये. सर्वांत उत्तम म्हणजे वर्कशॉपच्या माणसाला शेजारी बसवून, तो दोष त्याला प्रत्यक्ष दाखवावा. वर्कशॉपच्या आवारात वीसच्या वेगाने मारलेल्या चकरेत तो कधीच दिसणार नाही.

आवाजाचे प्रकरण थरथरीहून फसवे असते. महाग गाडीत शांतता विकत घेतलेली असते, त्यामुळे जो आवाज साध्या गाडीत कानावरही पडला नसता, तो इथे बोचतो. विजेच्या गाडीत तर इंजिनच नाही, तेव्हा टायर आणि वारा एवढेच ऐकू येतात. पहिली गोष्ट रस्त्याची. सिमेंटच्या रस्त्यावर चाक घसरू नये म्हणून आडव्या बारीक रेघा मारलेल्या असतात. त्यांच्यावरून जाताना टायर गुणगुणतो आणि सांध्यांवर ठराविक अंतराने ठप्-ठप् असा ठेका धरतो. गाडी डांबरी रस्त्यावर आल्याबरोबर आवाज बदलला, तर गाडीला दोष देऊ नये. सूनबाईंचे म्हणणे आवाजापुरते अगदीच चूक नव्हते.

रस्ता बदलला तरी घूं-घूं असा आवाज वेगाबरोबर चढत राहिला, तर दोन संशयित उरतात: टायर किंवा चाकाचे बेअरिंग. लांब, सौम्य वळणावर कान द्यावा. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो; तेव्हा आवाज वाढला आणि डाव्या वळणावर उतरला, तर डाव्या बाजूचे बेअरिंग बोलते आहे, असे धरायला हरकत नाही. त्यासाठी महामार्गावर मुद्दाम नागमोडी गाडी घालण्याचे मुळीच कारण नाही, वळणे रस्त्यातच असतात. वळणाचा परिणाम होत नसेल तर उभ्या गाडीच्या टायरवरून तळहात फिरवून पाहावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर अलाइनमेंट बिघडून टायर घासत गेला आहे. थोड्या-थोड्या अंतरावर उंचवटे आणि खळगे लागले, तर शॉकअॅब्सॉर्बर थकले असावेत किंवा चाकाचा तोल बराच काळ गेलेला असावा. कारण दूर केले तरी असा झिजलेला टायर आवाज करतच राहतो, हे ठाऊक नसल्याने अनेकजण चांगल्या मिस्त्रीशी भांडतात.

आणि चाकातून अचानक किंचाळल्यासारखा, पत्रा ओरबाडल्यासारखा आवाज येऊ लागला, की घाबरगुंडी उडते. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर तो आला असेल, तर बहुतेक वेळा ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांत एखादा खडा अडकलेला असतो. गाडी सावकाश थोडी मागे-पुढे केली की पुष्कळदा तो आपणच पडतो. वेगात पोटाखाली फडफड होत असेल, तर खालचे प्लास्टिकचे आवरण गतिरोधकावर घासून सुटलेले असते. दोन्ही दुखणी अगदी स्वस्तात बरी होणारी.

तर त्या गाडीचे पुढे काय झाले? तिसऱ्या खेपेचा अंदाज घेऊन मुलगा घरी आला, तेव्हा आजोबा म्हणाले, "आर्म-बुश नंतर. गाडी लिफ्टवर घ्यायला सांग, आणि चारही चाकं हातानं, हळूहळू फिरवायला सांग. मी येतो." दुसऱ्या दिवशी ते स्वतः गेले. लिफ्टखाली जायला आधी नको म्हणाले, नियम आहे म्हणाले. एस.टी.तून निवृत्त झालोय म्हटल्यावर एका वयस्कर मिस्त्रीने त्यांना स्वतःच आत घेतले आणि हातात बॅटरी दिली. पुढची दोन्ही चाके ठीक. मागचे उजवे ठीक. मागचे डावे फिरवले आणि बॅटरीच्या उजेडात आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरून वाकूनही न दिसणाऱ्या बाजूला, लिंबाच्या अर्ध्या फोडीएवढा फुगा वर आला. त्याच्या समोरच रिमचा काठ थोडा आत गेला होता.

कुणी काही बोलेना. मग सूनबाईंना आठवले. पावसाळ्यात एका संध्याकाळी पाण्याने भरलेला खड्डा कळला नव्हता, मोठा धाडदिशी आवाज झाला होता. त्या उतरल्या, मोबाइलच्या उजेडात टायर पाहिला, ठीक दिसला, घरी आल्या. त्यांनी पाहिली ती बाहेरची बाजू. त्या टायरवर ही मंडळी नागपूरला जाऊन आली होती, जाता-येता आठशे किलोमीटरच्या वर, पाच माणसे आणि लग्नाचे सामान घेऊन, उन्हाने तापलेल्या सिमेंटवरून. आजोबांनी नव्वदच्या खाली ठेवायला लावले, म्हणून बहुधा निभावले.

टायरचा फुगा दुरुस्त होत नाही. पंक्चरवाल्याकडे त्याला औषध नाही, आतून ठिगळ लावणारे भेटतात त्यांच्याकडे जाऊ नये. तो टायर त्याच दिवशी काढायचा. मात्र एक घोळ होतो, तोही सांगायला हवा: टायरच्या बाजूवर कधी कधी वरपासून खालपर्यंत एक उथळ, आत गेलेली रेघ दिसते. तो आतल्या थरांचा सांधा असतो आणि निर्धोक असतो. आत गेलेले बहुधा चालते, बाहेर आलेले चालत नाही.

डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा का लागला नाही, असे मुलाने विचारले. तो दिवा हवा मोजतो, आणि फुगा आलेल्या टायरमध्ये हवा पूर्ण असते. या दिव्याचा जन्मही एका मोठ्या दुर्घटनेतून झाला. अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेच फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. पळत्या गाडीत टायरचा वरचा पट्टा सुटून गाड्या उलटल्या, अनेक माणसे गेली. टायरच्या दोषांबरोबर कमी हवा आणि त्यामुळे वाढणारी उष्णता यांचीही बरीच चर्चा झाली. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. दिवा उपयोगाचा आहेच. पण तो लागला नाही म्हणजे टायर ठणठणीत, असा अर्थ होत नाही.

हवेचेही तसेच. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेले असते, आणि बहुतेक गाड्यांत तिथे दोन प्रकारचे आकडे असतात: दोन-तीन माणसे असतील तेव्हाचे आणि गाडी भरलेली असेल तेव्हाचे. पंपावरचा मुलगा मात्र विचारतो, "पस्तीस टाकू?" आणि सगळे मान डोलावतात. लग्नाला निघालेली गाडी भरलेल्या गाडीच्या आकड्यावर हवी. हवा सकाळी, टायर गार असताना मोजावी. चालून आल्यावर तीन-चार पौंड जास्त दिसतात, ती जास्तीची समजून काढू नये. नाही तर रात्री टायर गार झाल्यावर कमी भरतात. कमी हवेचा टायर बाजूंना जास्त वाकतो, वाकून तापतो आणि तापलेलाच फुटतो. नायट्रोजन भरल्याने सगळे प्रश्न सुटतात, असे सांगणाऱ्यांना एवढेच सांगावे की साध्या हवेतही शेकडा ७८ नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्यावा.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या पहिल्याच वर्षी येऊ लागल्या. सरळ, लांब, तापलेला रस्ता आणि तासन् तास एकच वेग हे शहरातल्या टायरला सवयीचे नसते. टायरच्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात; नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली आणि टायर संपला. पावसाळ्यापूर्वीच बदललेला बरा.

फुगा सापडला त्या दिवशी त्या कुटुंबापुढे आणखी एक पेच आला. गाडीत स्टेपनीच नव्हती. हवेचा निर्देशक आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल, अशी मुभा २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत देण्यात आली आणि नव्या गाड्यांच्या डिकीतून पाचवे चाक दिसेनासे होऊ लागले. त्या जागी असतो एक छोटा पंप आणि चिकट द्रावाची बाटली. खिळ्याच्या भोकाला ती चालते. फाटलेल्या बाजूला ती काय करणार? काही गाड्यांना हवा गेली तरी चालणारे कडक बाजूंचे टायर असतात. ते साधारणपणे ८० च्या वेगाने ८० किलोमीटर नेतात, पण त्या कडकपणामुळे खड्ड्यात बसणारे धक्केही जास्त. गाडी घेताना शोरूममध्ये संगीत, प्रकाश, सीटची मालिश सगळे दाखवतात. डिकीचा तळ उचलून पाहणारे ग्राहक थोडे.

टायर मागवला आणि तो यायला नऊ दिवस लागले. वाट न पाहता कोपऱ्यावरच्या दुकानातला त्याच मापाचा टायर का बसवू नये? बसवता येतो, पण काही गोष्टी पाहूनच. मापाच्या पुढचा आकडा आणि अक्षर भार आणि वेग सांगतात: ९४ म्हणजे एका टायरवर ६७० किलो, ९१ म्हणजे ६१५. मूळचा ९४ चा असेल तिथे ९१ चा बसवू नये. काही टायर गाडीच्या कंपनीच्या मागणीनुसार केलेले असतात आणि त्यांच्यावर तारा किंवा ठराविक अक्षरांची खूण असते. आवाज कमी व्हावा म्हणून काहींच्या आत फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. त्या जागी साधा टायर बसवला की एका चाकाचा सूर बदलतो आणि मालक पुन्हा आवाजाची तक्रार घेऊन हजर. पंक्चर काढताना हा फोम "कचरा" म्हणून फाडून टाकल्याचीही उदाहरणे आहेत. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एक टायर नवा आणि तीन झिजलेले असे फार चालत नाही, घेरातल्या फरकाने आतल्या यंत्रणेवर ताण येतो. किती फरक चालतो ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

नवा टायर बसवतानाही तिथे उभे राहावे. बाजूवर चार अंकी आकडा असतो: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. पिवळा ठिपका असेल तर तो टायरची हलकी बाजू दाखवतो आणि हवा भरण्याच्या वाल्वजवळ आला तर तोलासाठी वजने कमी लागतात. चाक जिथे बसते ती गाडीची बाजू ब्रशने साफ करून घ्यावी. तिथे माती किंवा गंजाचा पापुद्रा राहिला तर उत्तम बॅलन्सिंग केलेले चाकही तिरके फिरते. बोल्ट समोरासमोरचे क्रमाने आणि शेवटी मापाच्या पान्याने आवळावेत, निव्वळ हवेच्या गनने नव्हे. बॅलन्सिंगच्या यंत्रावर शून्य आले तरी चाक गोल आहे असे सिद्ध होत नाही. तोल एक, गोलाई वेगळी. वाकडे रिमही वजने लावून शून्यावर आणता येते, पण रस्त्यावर ते थरथरायचे ते थरथरतेच. चाकावर रोलर दाबून गोलाई तपासणारी यंत्रे मोठ्या शहरांत काही ठिकाणी आहेत, चिवट तक्रारीत तिथे जाणे परवडते.

पैशाचा भाग निराशेचाच. गाडीच्या हमीत टायर सहसा नसतात. त्यांची हमी टायर कंपनीची, आणि तीही घडवतानाच्या दोषापुरती. खड्ड्यात आपटून आलेला फुगा त्यात बसत नाही. विम्यात टायरसाठी वेगळे जादा संरक्षण मिळते. पॉलिसी नूतनीकरणाच्या वेळी त्याची चौकशी करावी. गाडीतच खोट आहे आणि वर्कशॉप दाद देत नाही, अशी खात्री असेल तर ग्राहक आयोग आहे. मोजलेली किंमत ५० लाखांच्या वर आणि दोन कोटींपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाऐवजी थेट राज्य आयोगाकडे जाते. तिथे उपयोगी पडतात ती जुनी जॉब कार्डे. त्यांच्यावर "स्टिअरिंग व्हायब्रेशन" एवढेच असेल, तर सीटखालच्या थरथरीचा पुरावा उरत नाही.

त्या घराने टायर आणि रिम दोन्ही बदलले. वाकलेले रिम ठोकून सरळ करून देतो म्हणणारे भेटले होते, पण ॲलॉयला त्यात बारीक तडे जाऊ शकतात म्हणून आजोबांनी नको म्हटले. आर्म आणि बुश आहेत तेच आहेत. गाडी पुन्हा समृद्धीवर गेली तेव्हा मागच्या सीटवर तीच अर्धी बाटली आडवी ठेवली होती. १०० ला पाणी सांध्यांवर तेवढे हलले. नातीने ते वहीत लिहून घेतले, वेगासकट.